आखाड्याच्या काठावरून

म्हसावद, ता. शहादा

चि. भाच्यास,


दुसऱ्याने घाम गाळावा आणि आपण टाळ्या पिटाव्या, यात पुरुषार्थ कोणता, हा तुझ्या पत्रातला प्रश्न मनात घोळवीतच मी परवा पंचक्रोशीतल्या एका यात्रेतल्या दंगलीत आखाड्याच्या काठी जाऊन बसलो. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या उरकल्या, ऊन कलले, आणि मानाची जोड लागली. खाली सापडलेल्या मल्लाने मान मातीत रोवून देहाची कमान केली. एक खांदा टेकलेला, दुसरा जमिनीपासून चार बोटे वर थरथरणारा. शेजारच्या अनोळखी वृद्ध शेतकऱ्याने आपला उजवा खांदा नकळत उचलून धरला होता, आणि त्याच्याकडे पाहताना माझाही उचललेला आहे, हे ध्यानी आले. याला केवळ पाहणे कसे म्हणावे?

माझ्या बांधाचा दावा कचेरीत किती वर्षे तहकूब होत आला आहे, हे तुला विदित आहेच. संसारातले बहुतेक मामले असेच तारखांवर लोंबकळतात. कोण जिंकले, कोण हरले, हे मरेपर्यंत उमगत नाही. आखाड्यात मात्र दोन्ही खांदे मातीला लागले की फैसला झाला, आणि तोही हजार साक्षीदारांदेखत. म्हणून तर कुस्ती बरोबरीत सोडविली की लोक खवळतात, 'निकाली लावा' म्हणून ओरडतात.

शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबागेचे मैदान बांधविले, ते मध्ये खोल आणि सभोवार चढत गेलेले, म्हणजे पार मागे बसलेल्या गरिबालाही डाव दिसावा. पाहणाऱ्याचा हक्क त्या राजाने मानला होता. आणि १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबा जाधवांना मिरवीत नेण्यासाठी शंभरावर बैलगाड्या जुंपल्या गेल्या, तेव्हा ती कुस्ती त्या गाडीवानांपैकी कोणी डोळ्यांनी पाहिली होती? परंतु प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी दिली होती, आणि ते पदक त्यांना आपलेही वाटले. मला त्यात काही गैर दिसत नाही.

परवाचा तो मल्ल अखेर निसटला. वृद्धाने खांदा खाली सोडला, मोठा श्वास घेतला आणि माझ्यापुढे तंबाखूची चंची धरली.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेस ये. तिथल्या घोडेबाजारात घोडा विकत घेणारे थोडे, त्याची चाल पाहायला येणारे अगणित. तुला पुढे जागा धरून ठेवतो.

तुझा,
मामा