जांभळा बल्ब

११ डिसेंबर २०१७, सोमवार
उपाशीपोटीच्या साखरेला सहापासून रांग. ३४ पेशंट. थंडीने शिरा सापडत नाहीत. म्हाताऱ्यांना हात चोळत बसायला सांगते.

१२ डिसेंबर
मशीन पडताळायचा कंट्रोल संपलाय. सरांना सांगितलं, लॅब त्यांची. "पुढच्या आठवड्यात मागवू." रोज लावायचा तो आठवड्यातून एकदा लावत होतो, आता तोही नाही. मशीनने १०० च्या जागी ११५ दाखवले तर कळणार कसं?

१४ डिसेंबर, गुरुवार
दुपारी दीड. मी आत डबा खात होते. नव्या मुलाने एका आजींचे आकडे भरले आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. खाली डॉक्टरांची सही. ती कॉम्प्युटरमध्येच असते.
हात धुऊन आले, तेव्हा पाहिलं. पोटॅशियम ९.१. कॅल्शियम ३.६.
९.१ असतं तर आजी जिना चढून आल्याच नसत्या. सकाळी माझ्याशी नातीच्या लग्नाबद्दल बोलल्या होत्या. आणि दोन्ही आकडे एकदम? त्यांच्या रक्ताचा बल्ब शोधून काढला. प्लेन बल्बमध्ये तळाला घट्ट गोळा दिसायला हवा. हे रक्त नीट गोठलंच नव्हतं. मुलाला विचारलं. रडवेला झाला. रक्त कमी निघालं, जांभळ्या बल्बमध्ये जास्त होतं, त्यातलं थोडं प्लेनमध्ये ओतलं.
जांभळ्यात ईडीटीए असतं, पोटॅशियमचंच मीठ. ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं. थोडं जरी दुसऱ्या बल्बमध्ये गेलं तरी एक आकडा खोटा चढतो, दुसरा खोटा उतरतो.
त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मीही नाही.
आजींच्या घरच्यांना फोन लावत राहिले. तासाने लागला. ते मिरजेच्या वाटेवर. त्यांच्या डॉक्टरांनी ताबडतोब हलवायला सांगितलं होतं.

१५ डिसेंबर
आजींना रात्रभर आयसीयूत ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी बघितला, पटलं नाही, रक्त पुन्हा काढलं. पोटॅशियम ४.४. औषध सुरू करण्याआधी त्यांनी ते केलं. नसतं केलं तर? झोप लागली नाही.

१८ डिसेंबर, सोमवार
आजींचा मुलगा आला. प्रिंट काढून आणली होती, चार घड्या घातलेली.
"ताई, ही सही कुणाची?"
"डॉक्टरांची."
"कुठं बसतात?"
दीड वर्षात ते दोनदा आलेत. बोलता आलं नाही.
तो ओरडला नाही. म्हणाला, "१८ हजार गेले. पैशाचं नाही हो. जीपमध्ये आई मला पासबुक कुठं ठेवलंय ते सांगत होती."
सर आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत.

२० डिसेंबर
सगळ्या लॅबवाल्यांचे फोन एकमेकांना. सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, १२ तारखेचा. गुजरातची केस. तिथल्या हायकोर्टाने २०१० मध्ये सांगितलेलं तेच कायम. लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पोस्टग्रॅज्युएट झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच.
सर निर्धास्त. "आपली सही आहेच की."

२१ डिसेंबर
जतहून मैत्रिणीचा फोन. टेक्निशियनच्या डीएमएलटी कोर्सला आम्ही एका बाकावर होतो. तिची स्वतःची लॅब. रडत होती. "वीस वर्षं काढली गं, आता काय करू?"
तिच्याकडे रोज कंट्रोल लागतो. शंका आली की ती पेशंटला परत बोलावते, पैसे न घेता. तिचं शटर पडेल. आमचं उघडं राहील, कारण आमच्या कॉम्प्युटरमध्ये एका सहीचा फोटो आहे.
तरी निकाल चुकीचा म्हणवत नाही. स्लाइड वाचणं वेगळं, रक्त काढणं वेगळं. पण सही करणाऱ्याने बघितलं पाहिजे. त्याने बघितलं की नाही, हे बघायला कोण येणार?

२४ डिसेंबर
कचऱ्याची गाडी आली. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांचा पांढरा डबा. वजन, नोंद, सही. पुढे बारकोडही लागणार. २०१६ चे नियम आहेत. वापरून टाकलेल्या सुईचा माग लागतो. त्याच सुईने काढलेल्या रक्ताच्या आकड्याचा नाही.
लॅब टाकायला शॉप ॲक्टची नोंद पुरते. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेला नाही. आपला नर्सिंग होमचा कायदा १९४९ चा, तो पेशंट ठेवणाऱ्या दवाखान्यांसाठी. एनएबीएलची मान्यता ज्याला हवी त्याने घ्यावी. आणि आजी?

२८ डिसेंबर
कंट्रोल आला. मशीन साखर १२ ने जास्त दाखवत होतं. किती दिवस, देव जाणे. त्या दिवसांत कुणाकुणाच्या गोळ्या वाढल्या असतील?

१ जानेवारी २०१८
वैद्यकीय उपकरणं आणि किटांसाठी आजपासून केंद्राचे नवे नियम लागू. चांगलं झालं. किट धड मिळेल. बल्बमध्ये ओतणाऱ्या हाताचं काय?

२ जानेवारी
नव्या मेडिकल कमिशनच्या बिलाविरुद्ध डॉक्टरांचा संप. ९ पेशंट. नव्या मुलाला घेऊन बसले. आधी लाल बल्ब, म्हणजे प्लेन, मग जांभळा, शेवटी राखाडी. एकातलं दुसऱ्यात कधीच नाही. कमी पडलं तर पुन्हा टोचायचं, शिव्या खायच्या. दहा वेळा म्हणून घेतलं.

३ जानेवारी
महाराष्ट्र बंद. शटर खाली. रस्त्यावर माणूस नाही.

५ जानेवारी, शुक्रवार
संध्याकाळी ९ वर्षांचा मुलगा. वडील लूमवर कामाला. दोन आठवडे ताप, अंगावर निळे डाग. पांढऱ्या पेशी ७१ हजार. स्लाइड केली, लावली. मोठ्या मोठ्या पेशी, एकीला लागून दुसरी, सगळी जागा केंद्रकानेच भरलेली. पुस्तकात पाहिल्यात. डोळे चोळून पुन्हा पाहिलं.
सर म्हणाले, "लिम्फोसाइट टाक. व्हायरल चाललंय सगळीकडे."
टाकलं नाही. मला दिसतंय ते काय आहे हे मी म्हणू शकत नाही. तो अधिकार माझा नाही, मला तो नकोही आहे. पण जे नाही ते लिहिणार नाही.
डॉक्टरांचा नंबर रिपोर्टच्या कोपऱ्यात असतो. आजवर लावला नव्हता. मोबाइल आयपीसला टेकवून फोटो काढले, पाठवले.
पाच मिनिटांत फोन. "रिपोर्ट सोडू नका. त्याच्या डॉक्टरांशी मी बोलतो. स्लाइड जपून ठेवा."

६ जानेवारी
पोरगं सकाळीच मिरजेला गेलं. वडील जाताना विचारून गेले, काविळीसारखंच काही असेल ना. मी मान खाली घातली.

७ जानेवारी, रविवार
डॉक्टर आले. चाळीस मिनिटं मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. चहा निवला. मग म्हणाले, मागच्या आठवड्यातल्या ठेवलेल्या स्लाइड द्या. सात होत्या. दोनांचे रिपोर्ट बदलले.
मी ड्रॉवरमधून आजींच्या रिपोर्टची कॉपी काढून समोर ठेवली. काही बोलले नाही.
बराच वेळ वाचत राहिले. "याच्यावर माझी सही आहे?"
"आहे."
त्यांनी चष्मा काढला. सरांना आत बोलावलं, दार लावून घेतलं.

८ जानेवारी, सोमवार
३८ पेशंट. कॉम्प्युटरमधली सही काढून टाका, असं डॉक्टर सांगून गेलेत. आठवड्यातून तीनदा येतो म्हणाले, पैसे वाढवून मागितलेत. सर म्हणतात, महिनाअखेरीला बघू.
आज डबा कॉम्प्युटरशेजारीच खाल्ला.