सल्ला आणि हिशेब

अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, हा सभांचा जिल्हा आहे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढे हिवरे बाजारने ग्रामसभेच्या बळावर दुष्काळावर मात केली. कारखान्याची सर्वसाधारण सभा असो की ग्रामसभा, तेथे ताळेबंद वाचला जातो आणि शेवटच्या रांगेतला सभासदही उठून प्रश्न विचारतो. या सभांत आमचे ख्रिस्ती बांधवही बसतात, हात वर करतात. मात्र मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या कारभाराचा विषय निघाला, की पुष्कळदा तीच माणसे ‘फादर जाणोत’ म्हणून घरची वाट धरतात.

आमचे बहुतेक पूर्वज गावकुसाबाहेरचे. गावच्या चावडीत त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती. जर्मन येशूसंघीय धर्मगुरू केंदळ, वळण, संगमनेर या भागांत आले, तेव्हा एकेका फादरकडे अनेक गावे असत. फादर पुढच्या गावी गेले की प्रार्थना, शाळा, आजाऱ्याची विचारपूस, मरणासन्नाजवळचा जप, सारे काही कॅटेकिस्ट मास्तर पाहत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध करून पुढे मायदेशी धाडले आणि मास्तरांवरचा भार अधिकच वाढला. ज्यांना चावडीत स्थान नव्हते, त्यांच्यातूनच देवळाचे पुढारी निघाले. प्रापंचिकांचे नेतृत्व आमच्याकडे रोमहून आलेली नवलाई नव्हे. ते आमच्या मातीत आधीच रुजले होते. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला चर्चमध्ये विधिवत सेवापद दिले, तेव्हा जणू आमच्या मास्तरांचाच उशिरा सत्कार झाला.

शेजारच्या प्रॉटेस्टंट बांधवांनी हा प्रश्न निराळ्या वाटेने हाताळला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले, ते ख्रिस्ती धर्म या देशाच्या रीतीने फुलावा या तळमळीने. १९७० साली स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये पास्टोरेट समिती सभासद निवडून देतात. निवडणुकीबरोबर गटबाजीचा धोकाही येतो, हे आम्ही जाणतो. म्हणून त्यांची घडण जशीच्या तशी उचलावी, असे आमचे म्हणणे नाही. आमच्या चर्चने आम्हांला जे दिले आहे, तेवढे तरी वापरात यावे.

काय दिले आहे? १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे (कलम ५३७). पॅरिश कौन्सिलचे मत केवळ सल्ल्याचे आहे (कलम ५३६). पण चर्चच्या हिताविषयी आपले मत धर्मगुरूंपुढे मांडणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि प्रसंगी कर्तव्यही (कलम २१२). श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असेही कलम १२८७ सांगते. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी रोममध्ये संमत झालेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने अशा परिषदा सक्तीच्या कराव्यात, असा आग्रह धरला आहे आणि स्त्रियांच्या नेतृत्वाला कायद्याने जी वाट मोकळी आहे, ती पूर्णपणे खुली करावी असे म्हटले आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असलेल्या या राज्यात, आमच्या कौन्सिलमध्ये त्यांच्याकडे फक्त वेदीवरची फुले आणि सणाचा स्वयंपाक सोपवावा, हे शोभत नाही.

सल्ला बंधनकारक नाही, म्हणून तो निरर्थक ठरत नाही. घरातला कर्ता पुरुषही चार माणसांना विचारून लेकीचे लग्न ठरवतो. न विचारता ठरवले तर मांडवात रुसवे दिसतात. दिवसभर ऊस तोडून एखादी विधवा दानपेटीत दहा रुपये टाकते. त्या दहा रुपयांचे काय झाले हे तिने विचारले, तर तो फादरांवरचा अविश्वास नव्हे. हे देऊळ तिचेही आहे, एवढेच ती सांगत असते. तिला उत्तर देणाऱ्या धर्मगुरूंचा मान त्याने कमी होत नाही.

तेव्हा वाचकहो, वर्षातून एक रविवार तरी मिस्सेनंतर जमाखर्च वाचला जावा, एवढी विनंती आपापल्या धर्मग्रामात नम्रपणे करून पाहू या. आमच्या वाडवडिलांना चावडीत मिळाला नाही तो शब्द चर्चने दिला. त्याच चर्चच्या भल्यासाठी तो उच्चारण्याची आता आपली पाळी आहे.