तीन शून्यांचा नियम

१ नोव्हेंबर २०२५, तोंडवली
दिवाळी उरकली, तिकिटं निघाली. लेकीनं मेलबर्नहून पहिलं बजावलं ते फोनचं. "बाबा, बटणांचा फोन आणू नका, इथं त्यावर नुसती वेळ बघाल." ऑस्ट्रेलियात २जी २०१८ पर्यंत बंद झालं, ३जी गेल्या वर्षी. आपल्याकडे कितीतरी घरं अजून २जीवरच बोलतात.

३ नोव्हेंबर
शेजारचे भाऊ पडवीत बसले होते. "तुझ्याकडे ४जी स्मार्टफोन असा मरे, मगे कसली चिंता?" मलाही तेच वाटत होतं. रात्री लेकीनं उलगडून सांगितलं. काही ४जी फोनांचं इंटरनेट ४जीवर चालतं, पण बोलणं, निदान तातडीचं बोलणं, गुपचूप ३जीवर उतरतं. तिथला तातडीचा नंबर ०००. ३जी गेल्यावर असा फोन ऐनवेळी मुका. म्हणून २८ ऑक्टोबर २०२४ पासून नियम: ज्या फोनवरून ००० लागत नाही, त्याला कंपनीनं नेटवर्कवर घ्यायचंच नाही. म्हणजे इंटरनेटही नाही. परदेशात घेतलेले बरेच चांगले फोन यात अडकले. यंत्र धडधाकट, फक्त आतली सॉफ्टवेअरची मांडणी तिथल्या नेटवर्कसाठी केलेली नाही.
भाऊंचा मुलगा दुबईत. तिथं व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. परवानगी असलेलं वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. भाऊ म्हणाले, "थय फोन बरो, कायदो आडवो." ऑस्ट्रेलियाचा कायदा आडवा आला तरी मला तो पटला. वस्तीपासून मैलोन् मैल दूर गाडी बंद पडली तर माणूस काय करील?

७ नोव्हेंबर, मालवण
बँकेत हयातीचा दाखला दिला. मग फोनच्या दुकानात. "काका, ग्लोबल आहे, जगात कुठंय चालतो." या 'ग्लोबल'ला काही अर्थ नाही. ऑस्ट्रेलियात गावाकडचं ४जी बरंचसं ७०० मेगाहर्ट्झवर, ते फोनात हवं. आणि ४जीवरून ००० लागायला हवा. हे खोक्यावर कोण छापतं? *#०६# दाबून आलेला माझ्या फोनचा १५ आकडी नंबर लेकीला तपासायला पाठवला.

८ नोव्हेंबर
नापास. लेक म्हणते तिकडे काही घेऊ नका, इथला फोन तयार ठेवते. एक काम मात्र इथूनच करायचं होतं: आपल्या सिमवर रोमिंग सुरू करून घेणं. पेन्शनच्या खात्याचा ओटीपी याच नंबरवर येतो. रोमिंगचा मोठा पॅक घ्यायचा आग्रह पुतण्यानं केला. महिनोन् महिने राहायचं तर तो पैसा पाण्यात.

२३ नोव्हेंबर, मेलबर्न
नवा फोन दोन सिमचा. इथलं सिम पासपोर्ट दाखवून मिळालं, आपलं दुसऱ्या खाचेत. त्याचं इंटरनेट बंद, फक्त मेसेज येण्यापुरतं जागं. ओटीपी आला! मोबाइलवरून ११२ लावला तरी इथं ०००लाच जातो, हे कळल्यावर बरं वाटलं. घाईत बोटं जुन्याच सवयीनं चालायची.
दुपारी मालवणहून गॅसवाल्याचा कॉल, आपल्या नंबरवर. घेतला नाही, रोमिंगवर आलेला कॉल उचलला की पैसे कापतात. भाऊंना व्हॉट्सअ‍ॅपवरून सांगितलं, सिलिंडर उतरवून घ्या.