कुठले आठ?

पत्राला दोन तारखा असतात. एक लिहिणाऱ्याने कोपऱ्यात घातलेली आणि दुसरी टपालखात्याच्या शिक्क्यातली. तंटा निघाला की आपण शिक्का पाहतो. ई-मेल आल्यावर वाटले, आता तंट्याचे कारणच उरले नाही. माझ्या एका अर्जाने हा समज खोटा ठरविला.

शिष्यवृत्तीचा तो शेवटचा दिवस होता. यवतमाळातल्या एका दुकानातील संगणकावरून, तिथल्याच मेलच्या प्रोग्रॅममधून, रात्री आठला अर्ज गेला. उत्तर आले, "आपला अर्ज मुदतीनंतर, पहाटे दीड वाजता पाठविलेला दिसतो." वर्षभराचे खोलीभाडे त्या रकमेवर अवलंबून होते. आणि पहाटे दीडला तर मी गाढ झोपेत होतो!

भूगोलाच्या सरांकडे गेलो. त्यांनी एवढेच विचारले, "फरक किती तासांचा?"

"साडेपाच."

"मग चोर ग्रीनिचमध्ये शोध."

दुकानातले घड्याळ आठच दाखवीत होते. पण संगणकाचा कालविभाग ग्रीनिचचा होता. कुणीतरी तो न बदलता नुसती वेळ हाताने पुढे सारली होती. साहजिकच पत्रावर 'ग्रीनिचचे आठ' असे उमटले आणि पलीकडच्या संगणकाने त्यात इमानाने साडेपाच तास मिळविले. उपाय सोपा होता : कालविभाग भारताचा करायचा आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळू द्यायची.

पण गेलेल्या पत्राचे काय? तिथे शिक्के कामी आले. ई-मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जाते, तो तो आपल्या घड्याळाची वेळ तिच्या हेडरमध्ये नोंदवितो. या नोंदी खालून वर वाचायच्या. त्या पाहाव्यात, अशी विनंती मी संस्थेला केली. पहिली नोंद आठचीच निघाली व अर्ज दाखल झाला.

हा घोळ काही संगणकाने जन्माला घातलेला नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. तरीही तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. आपल्या यवतमाळचा सूर्यही प्रमाणवेळेच्या मानाने सरासरी १७ मिनिटे उशिराच माथ्यावर येतो. नुसते 'आठ' म्हणून भागत नाही, ते कुठले हेही सांगावे लागते.

मित्रहो, खेड्यांतून आलेल्या आपल्यापैकी अनेकांचे अर्ज दुसऱ्याच्या संगणकावरून जातात. पाठविण्यापूर्वी त्याचे घड्याळ पाहा; आणि ते कुठल्या गावचे आहे, तेही पाहा.