अब्बांच्या येझदीची टाकी

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा अब्बांची येझदी पडवीत उभी होती. अम्मीची औषधं, कागदपत्रं, शिधा माडीवर नेला. गाडी कुणाला आठवली नाही. पाणी ओसरल्यावर ती चिखलात आडवी सापडली. अब्बांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

धाकटा म्हणाला, "भाईजान, भंगारात देऊन टाकू." घर धुवायला मजूर त्याने लावले होते, पैसेही त्यानेच दिले होते, आणि मी एका मोडक्या गाडीसाठी त्याला सगळ्यांसमोर बोललो. तो ईदला येत राहिला, पण शिरखुर्मा खाऊन लगेच उठायचा. गाडीलाही मी पुढे हात लावला नाहीच.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मेकॅनिककडून इंजिन उघडून साफ करून घेतलं. टाकीचं झाकण काढून बॅटरी मारली तर आत सगळं लालतपकिरी, खपल्या धरलेलं. उर्दूत गंजाला जंग म्हणतात. 'झे'ने लिहिला तर गंज, 'जीम'ने लिहिला तर लढाई. माझी पाचवीची मुलं दर वर्षी इथे चुकतात. मराठीत लिहिताना तर दोन्ही सारखेच.

टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते, तिथूनच पुराचं पाणी आत गेलं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी, कॉकच्या आसपास बसून राहतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर पूर नसतानाही आपल्या कोकणातल्या दमट हवेने आतून घाम धरते. गाडी बरेच महिने उभी ठेवायची असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवावी ती याचसाठी.

मेकॅनिकने संडास धुवायचं ॲसिड सुचवलं. ते गंजाबरोबर पत्राही खातं, म्हणून मी नको म्हटलं. आधी कॉक काढून भोकाला बूच मारलं आणि टाकी साबणाच्या पाण्याने दोनदा धुतली. मग ४० लहान नट आणि थोडं पाणी टाकून हलवायची, म्हणजे खपल्या सुटतात. हे एकट्याचं काम नाही. दहा मिनिटांत माझी पाठ धरली. मी धाकट्याला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "टाकी हलवायला ये" एवढंच म्हणालो.

तो आला. आम्ही आळीपाळीने तासभर हलवली, दोघांचे कान बधिर झाले. नट बाहेर मोजले तर ३९. चाळिसावा काढायला त्याने दोऱ्याला लोहचुंबक बांधून अर्धा तास घालवला. नट आत टाकताना मोजा, हे वाचणाऱ्यांना आवर्जून सांगतो.

रात्रभर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून ठेवलं, लिटरला साधारण ५० ग्रॅम. सकाळी काळपट पाणी ओतून दिलं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं आणि लगेच बायकोच्या हेअर ड्रायरने वाळवलं. ओला राहिला तर नवा उघडा पत्रा बघता बघता पुन्हा लाल होतो.

आत बॅटरी ठेवून बाहेरून पाहिलं तर कॉकशेजारी सुईएवढा उजेड. भोक गंजानेच बुजवून ठेवलं होतं. धाकटा त्यावर बोट ठेवून म्हणाला, "मी तेव्हा पैशाच्या काळजीत होतो, भाईजान." मी म्हणालो, "मला माहीत होतं." माहीत असून बोललो होतो, हे त्यालाही कळलं असेल.

डाख देणाऱ्या कारागिराने टाकी पुन्हा धुतली आणि भोकाची जागा वर ठेवून पाण्याने भरल्याशिवाय आगीजवळ नेली नाही. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते.

वाळल्यावर दोन लिटर पेट्रोल आणलं. येझदीला त्यात ऑइल मिसळावं लागतं. अब्बा खोकल्याच्या औषधाच्या १० मिलीच्या झाकणाने मोजायचे, लिटरला चार झाकणं. धाकट्याने तसंच झाकण शोधून आणलं होतं. आठ मोजली.

पंचवीस किका मारूनही गाडी सुरू झाली नाही. कार्बोरेटर उघडावा लागेल. तो रविवारी येतो म्हणाला.