गोळी, घोडा आणि हत्ती

झालं असं. मागच्या महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यांना आधी स्टेंट बसवलेला, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. दवाखान्यातून सूचनांचा छापील कागद मिळाला. त्यात एक वाक्य होतं:

"रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असलेल्या ज्या रुग्णांची शस्त्रक्रिया नियोजित आहे, त्यांनी तज्ज्ञांच्या लेखी सूचनेशिवाय सदर गोळ्या बंद करू नयेत."

मी मिहानहून थकून आलेलो. कागदावर नजर टाकली. 'शस्त्रक्रिया' दिसलं, 'गोळ्या बंद' दिसलं, आणि बाबांना सांगून मोकळा झालो, "ही आजपासून बंद." तिसऱ्या दिवशी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. स्टेंट असलेल्या माणसाने ही गोळी अशी मधेच सोडली तर आत गुठळी होऊ शकते. नशीब, तसं काही झालं नाही. आई म्हणाली, "अरे, नीट वाचून तर घ्यायचं!" बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

मराठी मातृभाषा, इंजिनिअरिंगची डिग्री, आणि साधं एक वाक्य वाचता येऊ नये? म्हणून त्या शनिवारी शोधायला बसलो.

कळलं की ह्या रोगाचा मी एकटाच पेशंट नाही. फर्नांडा फरेरा ह्या संशोधिकेने 2003 मध्ये कॉलेजातल्या मुलांना इंग्रजी वाक्यं ऐकवली. 'माणसाकडून कुत्रा चावला गेला' अशा अर्थाची. कोण कोणाला चावलं, विचारल्यावर मोठी शिकलेली मुलंसुद्धा बऱ्याचदा चुकली. कर्मणी रचना आणि त्यात उलटा अर्थ, दोन्ही एकत्र आलं की डोकं वाक्य सोडून देतं आणि जगात नेहमी जे घडतं ते धरतं. कंपायलर निदान एरर तरी देतो. आपला मेंदू एररही देत नाही, गुपचूप अंदाज ठोकून पुढे जातो. ऑपरेशनच्या आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करतात, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. मी कागद वाचलाच नाही, ऐकीव गोष्ट वाचली.

मग मुलांचं काय? डॅन स्लोबिन आणि थॉमस बीव्हर ह्यांनी 1982 मध्ये इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की बोलणाऱ्या छोट्या मुलांसमोर खेळण्यातले प्राणी ठेवले आणि वाक्यं करून दाखवायला सांगितली. तुर्की मुलं दोन वर्षांची असतानाच शब्द कसेही फिरवले तरी बरोबर करत होती, कारण तिथे कोण कोणाला हे प्रत्ययावरून कळतं. इंग्रजी मुलांची भिस्त शब्दांच्या क्रमावर.

रविवारी ताई आली, सोबत साडेतीन वर्षांची भाची. आयतीच सापडली. हत्ती आणि घोडा समोर ठेवले. "घोड्याने हत्तीला ढकललं, दाखव." बरोबर दाखवलं. "आता हत्तीला घोड्याने ढकललं." तिने हत्ती उचलला आणि घोड्याला दिला धक्का. तीनदा विचारलं, दोनदा तेच.

एका मुलीवरून सिद्धांत मांडता येत नाही, मान्य. पण आपल्याकडेही 'ने' आणि 'ला' आहेतच की, मग ती का चुकली? माझा अंदाज सांगतो. आपला 'ने' भरवशाचा नाही. 'ताईने आंबा खाल्ला', पण 'ताई आंबा खाते', आणि 'मी आंबा खाल्ला'. 'मी'ला 'ने' लागतच नाही. 'कुत्रा चावला' ह्यात भूतकाळ असूनही 'ने' गायब. आणि 'ला' तर त्याहून लबाड. 'मला भूक लागली', 'आजीला चहा आवडतो'. इथे 'ला'वाला आधी येतो आणि सगळं वाक्य त्याच्याचभोवती फिरतं. पोरीने हे दिवसभर ऐकलेलं. मग 'हत्तीला' आधी आला की हत्तीच हिरो, असं तिला वाटलं तर तिचं काय चुकलं? शाळेत कर्तरी-कर्मणी आपण मार्कांसाठी घोकलं. ही पोरं ते कोणी न शिकवता उलगडतात, थोडं चुकत चुकत.

फरक एवढाच की तिची चूक समोर दिसते. आपली दिसत नाही, कारण एरवी आपला अंदाज बरोबर निघतो. पंचाईत होते ती वाक्य अंदाजाच्या उलटं असतं तेव्हा. आणि औषधाच्या कागदावरची, करारातली, टेस्टिंगच्या रिपोर्टमधली महत्त्वाची वाक्यं नेमकी तशीच असतात. त्यात 'शिवाय' आणि 'नये' असे दोन नकार एकत्र बांधले की झालंच.

रात्री मी फ्रिजवर नवा कागद चिकटवला: "गोळी रोज घ्यायची. ऑपरेशन असलं तरी घ्यायची. बंद करायची असेल तर डॉक्टर लिहून देतील." शेजारी भाची उभी. "मामा, काय लिहून राहिला?"

म्हटलं, "बाई गं, आधी न वाचलेलं वाक्य."

असो. घरात तीन-चार वर्षांचं पोर असेल तर हत्ती-घोडा करून बघा. आणि ते चुकलं तर हसू नका :)