अंगणातील खेजडी

१९८५ च्या हिवाळ्यात माझी बदली जोधपुरास झाली आणि माझ्याबरोबर आईलाही रत्नागिरीचे घर सोडावे लागले. जेथे वर्षाकाठी तीनशे सेंटिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथून ती सुमारे छत्तीस सेंटिमीटरांच्या मुलखात आली. शहराबाहेरच्या आमच्या बिऱ्हाडाच्या अंगणात एकच झाड होते. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती ही शमी. तिकडे तिला खेजडी म्हणतात. परक्या गावात आईला तेवढीच काय ती ओळख.

पण महिनाभरातच शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने तिच्या साऱ्या फांद्या छाटल्या आणि पाला शेळ्यांसाठी नेला. आईच्या डोळ्यांत पाणी आले.

"भाऊ, देवाचे झाड मारलेत तुम्ही!"

म्हातारा हसून म्हणाला, "मांजी, वैशाखापर्यंत थांबा."

वैशाख आला. अंग भाजून काढणारी 'लू' वाहू लागली आणि त्याच दिवसांत ते बोडके झाड हिरव्यागार पालवीने भरून गेले. पाऊस तर अद्याप दोन महिने दूर होता. हे पाणी आले कोठून?

उत्तर आईलाच सापडले. पुढच्या पावसाळ्यात कुंडीत लावावे म्हणून तिने खेजडीचे एक वीतभर रोप उकरायला घेतले. हातभर खणले तरी मूळ संपेना. अखेर ते तुटले आणि रोप वाळले. आई कितीतरी वेळ ते मूळ हातात धरून बसली होती.

खेजडीची रीतच अशी आहे. ती आधी जमिनीखाली वाढते, वर येण्याची घाई करीत नाही. मोठ्या झाडाची मुळे वीस मीटरांहूनही खोल गेल्याचे आढळले आहे. पाने इवलीइवली असल्यामुळे ती उन्हात फार तापत नाहीत. शेजारचा केर तर बहुतेक काळ पानांवाचून राहतो. अन्न तयार करण्याचे काम त्याच्या हिरव्या फांद्याच करतात. थोर आपल्या मांसल खोडात पाणी साठवतो आणि पाने मिरवतो ती केवळ पावसाळ्यापुरती. भुरटासारखे गवत चार सरींत उगवते, बी टाकते आणि मरते. दुष्काळ काढते ते त्याचे बी. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, पण पाण्याचा हिशेब मात्र सर्वांचा काटेकोर.

१९८७ साली पावसाने दगा दिला. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येई. कोकणातून आणलेली जास्वंद आईने आंघोळीचे पाणी घालून जगवू पाहिली, पण ती गेली. खेजडीला कोणी थेंबभर पाणी घातले नव्हते, तरी ती हिरवी होती. त्या वर्षी शेजाऱ्याच्या शेळ्या तिच्याच पाल्यावर तगल्या. घरी परत जाण्याचा विषय आई तोवर दर महिन्याला काढीत असे. त्यानंतर तिने तो काढला नाही.

आज आई नाही. २०१९ मध्ये मी पुन्हा त्या भागात गेलो, तेव्हा काही शेतांत वाळलेल्या खेजड्या उभ्या दिसल्या. मुळे पोखरणारी कीड आणि बुरशी ही त्याची कारणे आहेतच; पण कूपनलिकांनी पाणी उपसल्यामुळे खाली गेलेली भूजलाची पातळी हेही एक कारण अभ्यासक सांगतात. पावसाने पाठ फिरवली तर काय करावे, हे खेजडीला ठाऊक आहे. मात्र तिच्या मुळांखालचे पाणी आपणच काढून घेतले, तर तिने आणखी किती खोल जावे?

आमच्या जुन्या अंगणातील झाड अजून उभे होते. कोणीतरी नुकतीच त्याची छाटणी केली होती. या वेळी मला वाईट वाटले नाही. वैशाख फार दूर नव्हता.